‘सातशे झालं, वेळ सांग’: लेबर रूममधली पंधरा मिनिटं आणि त्याआधीचा सराव



या पॉडकास्टवर आपण एरवी फोन, ॲप, नोकऱ्या असल्या विषयांवर बोलतो. आज लेबर रूमबद्दल बोलायचंय. लगेच पुढे ढकलू नका. तुमचं लग्न झालेलं असो वा नसो, येत्या काही वर्षांत कधीतरी तुम्ही एखाद्या लेबर रूमच्या बाहेरच्या बाकावर बसणार आहात. बायकोसाठी, बहिणीसाठी, मैत्रिणीसाठी. किंवा तुम्ही स्वतःच आत असणार आहात. त्या दिवशी गूगल करायला वेळ नसतो. म्हणून आज.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ताईचं बाळंतपण झालं. आम्ही खडकवासल्याचे. रविवार होता. रविवारी पावसात आमच्याकडे काय होतं, हे पुणेकरांना सांगायला नको. धरणाच्या चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी खायला अर्धं पुणं आलेलं असतं आणि गाड्या जागच्या हलत नाहीत. कळा सुरू झाल्याबरोबर दाजींनी दुपारीच गाडी काढली, म्हणून आम्ही वेळेत पोचलो. हॉस्पिटल छोटंच, दोन मजल्यांचं.

रात्री दहाच्या सुमारास बाळ रडल्याचा आवाज आला. आई देवाचं नाव घेत उठली, मी मामाला फोन लावला. पेढे कुठले आणायचे यावर आमची चर्चा सुरू झाली. आणि दहा-पंधरा मिनिटांनी आतून एका सिस्टरचा मोठ्ठा आवाज आला, “पाचशे झालं. पिशवी मऊ लागतीये. सगळे या!”

पुढची काही मिनिटं मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. “ऑक्सिटोसिन सलाइनमध्ये चालू.” “चालू, दहा अठ्ठावीस.” “दुसरी लाइन लाव.” “लावली.” “सातशे झालं, वेळ सांग.” “दहा तीस.” “मॅडमना फोन?” “केला. ट्रॅनेक्झा द्या म्हणाल्या.” “किती?” “एक ग्रॅम, शिरेतून, हळू.” “दिलं, दहा एकतीस.”

मला वाटलं, या घाबरल्यात. एकमेकींवर ओरडतायत. आईचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टर मॅडम त्या वेळी वरच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटच्या सिझेरियनमध्ये होत्या. त्या खाली आल्या तेव्हा रक्त कमी यायला लागलं होतं. नऊशेच्या आसपास थांबलं. ताईची गर्भपिशवी काढावी लागली नाही. आज भाची रांगते आणि घरातले सगळे चार्जर तोंडात घालते.

डिस्चार्जच्या दिवशी मी पेढे घेऊन त्या इन्चार्ज सिस्टरना भेटलो. म्हटलं, सिस्टर, त्या दिवशी तुम्ही फार ओरडत होता, आम्ही घाबरलो. त्या हसल्या. म्हणाल्या, “ओरडत नव्हतो, दादा. बोलायची पद्धतच तशी आहे. एकीनं सांगायचं, दुसरीनं परत म्हणायचं, तिसरीनं वेळ लिहायची. दर महिन्याला सराव करतो आम्ही. पोटाला पिशवी बांधून.”

ते वाक्य डोक्यातून जाईना. पोटाला पिशवी बांधून सराव? मग मी वाचायला लागलो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे आज जे सांगतोय ते उपचाराचा सल्ला म्हणून घेऊ नका. एका भावाने वाचून आणि विचारून समजून घेतलेली गोष्ट म्हणून ऐका.

आधी शरीरात काय होतं ते बघू. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. बाळ बाहेर येतं, मग वार सुटते. वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद कशा होतात? पिशवीचे स्नायू घट्ट आवळतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्यात चिमटल्या जातात. निसर्गाने फार सुंदर व्यवस्था केलीये. पण कधीकधी पिशवी आवळत नाही, कणकेसारखी मऊ राहते. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं हे सगळ्यात मोठं कारण. बाकीची कारणं म्हणजे कुठेतरी फाटलेलं असणं, वारेचा तुकडा आत राहणं, किंवा रक्त न गोठणं.

साध्या बाळंतपणात पाचशे मिली किंवा जास्त रक्त गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. आता मिनिटाला अर्धा लिटर हा आकडा आठवा. बाईच्या अंगात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. म्हणून “डॉक्टर येईपर्यंत थांबू” हे इथे चालत नाही. पहिली पाच-दहा मिनिटं खोलीत जे कोणी आहे, त्यांनाच काम करावं लागतं. आणि खोलीत बहुतेक वेळा सिस्टर असतात.

माझ्या आजीच्या धाकट्या जावेची गोष्ट आमच्या घरात अर्धवटच सांगितली जायची. “बाळंतपणात गेली, रक्त थांबलं नाही.” एवढंच. पानशेतच्या वरच्या अंगाचं गाव, घरातच सुईण, पावसाळा. कोणाचा दोष नव्हता, कारण कोणाच्या हातात काहीच नव्हतं. आता हातात बरंच काही आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की ते त्या दहा मिनिटांत वापरता येतं का.

आता एक गोष्ट सांगतो, जी आपल्या मराठी माणसांना माहीत असायला हवी. ही गोष्ट बेळगावची आहे.

बेळगाव म्हटलं की आपल्याला सीमाप्रश्न आणि कुंदा आठवतो. पण बाळंतपणाच्या जगात बेळगाव वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. २००२ ते २००५ या काळात तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून जिल्ह्यातल्या खेडोपाडी एक मोठा अभ्यास केला. १६२० बायका. बाळंतपण करणाऱ्या एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सताई. निम्म्या बायकांना बाळ झाल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, फ्रिज लागतो. गोळीला फ्रिज लागत नाही. जिथे लाइट दिवसदिवस जाते तिथे हा फरक फार मोठा असतो. निकाल असा, की अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडली. अभ्यास करायचा तर रक्त किती गेलं ते मोजायला हवं. तोवर सगळीकडे रक्त डोळ्यांनी बघून अंदाजाने सांगायचे. “थोडं गेलं”, “बरंच गेलं.” म्हणून या लोकांनी एक साधी प्लास्टिकची पिशवी तयार केली. बाईच्या खाली पसरायची, खाली नरसाळ्यासारखी निमुळती, आणि तिच्यावर मिलीच्या रेघा. दुधाच्या मापासारखं. मग डोळ्यांचा अंदाज आणि पिशवीचं माप यांची तुलना केली, तर डोळ्यांचा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे खरं सातशे पन्नास गेलेलं असतं तेव्हा माणूस “पाचशे असेल” म्हणतो.

आमच्या ताईच्या खाली तशीच पिशवी होती. म्हणून ती सिस्टर “सातशे” म्हणू शकली. तिला “बरंच जातंय” म्हणावं लागलं नाही.

इथवर गोष्ट सोपी वाटते. पिशवी द्या, औषध द्या, दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या, झालं. नाही ना होत.

२०१७ साली उत्तर प्रदेशातल्या एका प्रचंड मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. नाव ‘बेटरबर्थ’. २४ जिल्हे, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त माता. तिथे सुरक्षित बाळंतपणाची चेकलिस्ट दिली होती आणि शिकवायला कोच पाठवले होते. फरक पडला का? पडला. दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा कोच असलेल्या केंद्रांत ७३ टक्के आवश्यक कामं होत होती, इतर केंद्रांत ४२ टक्के. कोच गेल्यावर, वर्षभराने, तो आकडा ६२ वर घसरला होता. आणि सगळ्यात कडू भाग म्हणजे आई-बाळाच्या मृत्यूत आणि गंभीर त्रासात फरक दिसला नाही.

नवजात बाळांचंही असंच काहीसं. बाळ जन्मल्यावर रडलं नाही, श्वास घेत नाही, तर पहिल्या मिनिटात काय करायचं याचं एक ट्रेनिंग २०१० पासून जगभर दिलं जातं. पुसायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची, आणि तरी श्वास नसेल तर अंबू बॅगने हवा द्यायची. त्या मिनिटाला ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात. बेळगावात ५९९ जणांना हे शिकवलं, तर मृत जन्मांचं प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. म्हणजे आधी ज्या बाळांना मेलेलं समजून बाजूला ठेवलं जायचं, त्यातली काही जिवंत होती. हे वाचून मी फोन खाली ठेवला होता. पण पुढे हेच बेळगाव, नागपूर आणि केनियातल्या मिळून ७१ ठिकाणी केलं, तेव्हा त्या सगळ्या भागातले बालमृत्यू काही कमी झाले नाहीत.

मग काय, ट्रेनिंग फुकट? नाही. ट्रेनिंगची आपली कल्पना चुकीची आहे, असं मला वाटतं. ट्रेनिंग म्हटलं की आपल्याला हॉल, प्रोजेक्टर, चहा-समोसा, सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो दिसतो. पण हाताचं कौशल्य सर्टिफिकेटवर टिकत नाही. अंबू बॅग सहा महिने हातात धरली नाही तर हात विसरतो. आमच्या कामात एक म्हण पडलीये: जो बॅकअप कधी रिस्टोअर करून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हेच. ड्रिल न केलेल्या प्रोटोकॉलचंही तेच. तो भिंतीवरचा कागद आहे.

आमच्या खडकवासल्यात एक संस्था आहे, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. १९१६ ची. तिथे धरणांची, बंदरांची छोटी मॉडेल्स बांधतात. मोठाल्या शेडमध्ये छोटं धरण, छोटी नदी, आणि त्यात पूर सोडून बघतात. कुठे फुटेल, कुठे गाळ साचेल, आधीच कळतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुण्याचं काय झालं ते आपल्या घराघरात माहीत आहे. खरा पूर येतो तेव्हा शिकायला वेळ नसतो, हे आमच्या गावाला कोणी सांगायला नको.

पोटाला पिशवी बांधून केलेला सराव म्हणजे हेच छोटं मॉडेल. एका नॉर्वेजियन कंपनीने त्यासाठी खास पिशवी बनवलीये, तिचं नाव मामानॅटली. एक सिस्टर ती पोटाला बांधून पेशंट बनते. आत बाहुलीचं बाळ, वार, आणि लाल पाणी. ती कळा दिल्याचं नाटक करते, मग बाळ बाहेर काढते, आणि हळूच लाल पाणी सोडते. समोरच्यांनी ओळखायचं. पिशवी मऊही करता येते, घट्टही करता येते. तिथे चुका होतात. औषधाच्या ट्रेची किल्ली सापडत नाही. दोघी एकाच कामाला धावतात आणि एक काम राहून जातं. मावशींना रक्तपेढीचा नंबर माहीत नसतो. आणि या सगळ्या चुका लाल पाण्यावर होतात, कोणाच्या ताईवर होत नाहीत.

हे चालतं याचा पुरावा आहे का? आहे. इंग्लंडात ब्रिस्टॉलच्या साउथमीड हॉस्पिटलमध्ये २००० सालापासून असा सराव सुरू झाला. त्यांनी तीन गोष्टी केल्या. बाहेर पाठवायचं नाही, आपल्याच वॉर्डात करायचा. डॉक्टर, भूलतज्ज्ञ, मिडवाइफ, सगळ्यांनी एकत्र करायचा. आणि दर वर्षी सगळ्यांनी करायचा, साहेबांनासुद्धा सूट नाही. बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो, अशी एक भयंकर अवस्था असते. त्यात बाळाला इजा होण्याचं प्रमाण तिथे ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं.

दुसरा पुरावा ताजा आहे, २०२३ चा. अभ्यासाचं नाव ‘ई-मोटिव्ह’. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मिळून ८० हॉस्पिटलं आणि दोन लाखांवर बायका. तिथे काय केलं ऐका. रेघांची पिशवी, तीच बेळगावच्या जातीची. आणि रक्तस्राव ओळखला की पिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी, हे सगळं एकदमच. आधी एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. शिवाय सगळं सामान एकाच ट्रेमध्ये, आणि तिथल्या तिथे सराव. निकाल असा: आधीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव वेळेत ओळखले जायचे, नव्या पद्धतीत ९३ टक्के. आणि गंभीर परिणाम, म्हणजे एक लिटरवर रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे ६० टक्क्यांनी कमी झाले.

यात एकही औषध नवीन नाही. सगळी जुनी, स्वस्त. नवीन होतं ते मोजणं, एकत्र करणं आणि सराव.

आता आपल्या राज्याकडे येऊ. महाराष्ट्राने खूप मोठा पल्ला गाठलाय, हे मान्य करायला हवं. एनएफएचएस-५ नुसार राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, २०१८-२० मध्ये ३३. त्याच काळात देशाचा आकडा ९७. आशाताई, १०८ ची गाडी, जननी सुरक्षा योजना, या सगळ्यांचं त्यात श्रेय आहे. म्हणजे बाई दवाखान्याच्या दारापर्यंत पोचली. आता दाराच्या आत काय होतं, तो प्रश्न आहे.

त्यासाठीही गोष्टी सुरू आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम काढला, सरकारी लेबर रूमचा दर्जा सुधारण्यासाठी. खाजगी हॉस्पिटलांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी ‘मान्यता’ नावाचं प्रमाणपत्र देते, १६ निकषांवर. महाराष्ट्रात हे दोन्ही एकत्र जोडून ‘लक्ष्य-मान्यता’ही राबवलं गेलं. पण छोट्या नर्सिंग होमची अडचण वेगळी असते. सिस्टर सहा महिन्यांत सोडून जाते, नवीन येते. मोठ्या हॉस्पिटलात पगार जास्त मिळतो, मग कोण थांबेल? ज्या दिवशी शिकलेली सिस्टर गेली, त्या दिवशी ट्रेनिंगही गेलं. म्हणून सराव दर महिन्याला हवा. दहा मिनिटांचा चालेल, पण दर महिन्याला हवा.

आता तुम्ही आणि मी काय करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, हॉस्पिटल निवडताना एसी रूम आणि टीव्हीसोबत चार प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये कोण असतं? रक्त मोजायची पिशवी वापरता का? जास्त रक्त गेलं तर रक्त कुठून येतं, किती वेळात? आणि स्टाफचा इमर्जन्सीचा सराव शेवटचा कधी झाला? नम्रपणे विचारा. जे हॉस्पिटल सराव करतं, त्यांना हा प्रश्न आवडतो. आमच्या सिस्टरनी तर मला वहीच काढून दाखवली.

दुसरी, हिमोग्लोबिन. राज्यातल्या निम्म्याच्या जवळपास गरोदर बायकांमध्ये रक्त कमी असतं. अकराच्या खाली म्हणजे कमी. सातशे मिली रक्त जाणं हिमोग्लोबिन बारा असलेल्या बाईला आणि सात असलेल्या बाईला सारखं नसतं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या गादीखाली जातात. दादांनो, दाजींनो, हे तुम्ही बघायचं. “गोळी घेतली का” एवढंच विचारू नका. मळमळत असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून आणा.

तिसरी, रक्तदाते. आठव्या महिन्यातच दोन-तीन जण ठरवून ठेवा. व्हॉट्सॲप स्टेटसवर “अर्जंट बी निगेटिव्ह” टाकायची वेळ येऊ देऊ नका. त्याहून चांगलं म्हणजे एरवीच वर्षातून दोनदा रक्तदान करा. रक्तपेढीत पिशवी आधीच असेल तरच ती वेळेत पोचते.

चौथी, रस्ता. आमच्यासारखे धरणाच्या वरच्या बाजूला, पानशेत-वेल्हे भागात राहणारे असाल, तर रविवार आणि पावसाळा धरूनच बेत करा. तारीख जवळ आली की गाडी, ड्रायव्हर आणि १०८ हे तिन्ही पर्याय तयार ठेवा. आणि बाकीच्यांनो, भजी खायला जरूर या, पण गाडी रस्त्यात लावू नका. मागे कोणाच्या गाडीत कोण आहे, तुम्हाला माहीत नसतं.

पाचवी, आतून मोठा आवाज आला तर दार ढकलून आत घुसू नका. “काय चाललंय” म्हणून सिस्टरवर ओरडू नका. ती आकडा सांगतीये, कोणीतरी वेळ लिहितंय. तिचं लक्ष तुमच्याकडे वळवलंत तर एक मिनिट गेलं. नंतर विचारा, सगळं विचारा, तुमचा हक्क आहे. त्या दहा मिनिटांत मात्र फक्त सांगतील ते आणून द्या.

आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. चौदाव्या वर्षी बाळ झालं, दहा दिवसांत गेलं, आणि त्या दुःखातून ती मुलगी अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाली. १८८६ साली तिने पदवीसाठी लिहिलेला प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच होता. पुढच्याच वर्षी पुण्यात ती वारली. तेव्हा एका बाईला डॉक्टर व्हायला सातासमुद्रापार जावं लागलं. आज जे शिकायचंय ते आपल्याच वॉर्डात, लाल पाणी घेऊन, महिन्यातून एकदा शिकता येतं.

शेवटी आमच्या त्या सिस्टरचं एक वाक्य सांगतो. मी त्यांना विचारलं, तुम्हाला भीती नाही का वाटली? त्या म्हणाल्या, “वाटली ना. पण हाताला माहीत होतं.”

तुमच्या ओळखीत कोणी नर्सिंग करत असेल, कोणाची तारीख जवळ आली असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. आणि सिस्टर मंडळी, तुमच्याकडे सराव कसा होतो, काय अडतं, ते मला नक्की कळवा. त्यावर पुढे बोलू.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.